घरगुती ध्वनिमुद्रणाचे जतन : तीन प्रतींचा नियम

इंदूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अमीर खाँ १९७४ मध्ये निवर्तले. त्यांचे गायन आज ऐकायला मिळते, त्यात रसिकांनी ठिकठिकाणी जपलेल्या खासगी मैफलींच्या फितींचा मोठा वाटा आहे. उलट, २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओला लागलेल्या आगीत एकाच भांडारात ठेवलेल्या अनेक मूळ फिती जळाल्या.

घरच्या स्टुडिओलाही हाच धडा लागू पडतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ दर्जाच्या तासभराच्या स्टिरिओ मुद्रणास सुमारे १ जीबी जागा लागते. मूळ धरून तीन प्रती असाव्यात : संगणकात, बाह्य हार्ड डिस्कवर आणि घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा आप्तांकडे. काम संपताच बाह्य डिस्क काढून ठेवावी. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कपर्यंतही पोहोचतात. केवळ ‘सिंक’ म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे चुकून पुसलेली फाइल दुसरीकडूनही पुसली जाते. प्रकल्पाच्या फाइलसोबत प्रत्येक ट्रॅक वेव्ह स्वरूपातही ठेवावा. सॉफ्टवेअर बदलले तरी तो उघडतो.

महिन्यातून एकदा प्रत उघडून ऐकावी. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून मूळ मुद्रण पुसू नये.