आजीचं बोंडलं आणि पहिले तीन दिवस

आजीचं चांदीचं बोंडलं अजून माझ्या कपाटात आहे. तळहातात मावेल एवढी वाटी आणि एका अंगाला निमुळती चोच. चोच बाळाच्या ओठाला टेकवायची आणि वाटी किंचित कलती करायची. १९८६ च्या श्रावणात, शहाडच्या आमच्या चाळीत, माझ्या लेकीनं पहिला घोट याच बोंडल्यातून घेतला. तो गुळाच्या पाण्याचा होता.

"चीक जड असतो. तीन दिवस पिळून टाकायचा, मग अंगावर घ्यायचं," आजी म्हणाली. आजी ओतूरची. बाबा सेंच्युरी रेयॉनमध्ये लागले तेव्हा त्यांच्यामागे माळशेज उतरून आली आणि येताना बाळंतपणाची सगळी रीत बरोबर घेऊन आली. शेपा, डिंक, अळीव, शेगडीवरची ओव्याची धुरी, पाचवीची पूजा आणि हे तीन दिवस.

मी तेव्हा शिकलेली नर्स होते, तरी आजीचं ऐकलं. शिकताना आम्ही स्तनाची आकृती काढून नावं दिली होती, पण बाळाचं तोंड कसं लावायचं हे कुणी हात धरून दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री छातीचा दगड झाला. अंगात कणकण, काखेपर्यंत ठणका, कूस बदलता येईना. चौथ्या सकाळी लेकीला जवळ घेतलं तर तिला धरताच येईना. ताणून बोंडं सपाट झाली होती. धडपडून तिनं नुसतं टोक पकडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. संध्याकाळपर्यंत भेग पडली, तिच्या ओठाला रक्त दिसलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिला दूधच नाही, डबा आणा." डबा आला. त्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. ते पाहून मी रडले, ते मला अजून आठवतं.

वाचवलं न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या छातीला हात लावला आणि बाळाची अंघोळ बाजूला ठेवली. गरम पाण्यात पंचा पिळून थोडा शेक दिला. बोटांना तेल लावून बोंडाभोवतीचा काळा भाग हलके दाबत दाबत वाटीभर दूध काढलं. तो भाग कानाच्या पाळीसारखा मऊ झाला, तेव्हा म्हणाल्या, "आता घे. घाई नको. तिनं आ मोठा केला की जवळ ओढ. नुसतं बोंड नको, सगळा काळा भाग आत जाऊ दे." लेकीची हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, आणि गिळल्याचा आवाज आला. दुखणं थांबलं नाही, पण सोसण्याजोगं झालं. भेगेला मावशींनी काही लावलं नाही. पाजून झाल्यावर दुधाचे शेवटचे थेंबच तिथे पसरवून वाळू दिले.

हे शहाणपण किती जुनं आहे, ते मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं. भरून ताठलेल्या स्तनातलं थोडं दूध आधी काढावं, न काढता पाजलं तर बाळाला खोकला, धाप, उलटी होते, असं सुश्रुतसंहितेतच सांगितलं आहे. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण त्यांची बोटं नेमकं तेच करत होती. आजीचे तीन दिवसही त्याच ग्रंथात सापडतात. बाईला दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री येतं, तोवर बाळाला मध-तूप द्यावं, असं सुश्रुत सांगतो. चरकसंहितेत मात्र मध-तुपाचं बोट चाटवलं की लगेच उजव्या स्तनाला लावायला सांगितलं आहे. दोन्ही आपलेच ग्रंथ, पण आमच्या घरांनी तीन दिवसांची वाट धरली.

चीक म्हणजे दूधच. थोडा, घट्ट, पिवळसर, रोगाशी झुंजायचं बळ देणारा. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतो चमचाभर, आणि असतोही तेवढाच. बाळ पहिल्या तासापासून ओढत राहिलं तर दूध उतरतं तसं वाहून जातं. तीन दिवस अडवलं की दुधासोबत सूजही चढते, काळा भाग टणक होतो, बाळाच्या हाती नुसतं टोक लागतं आणि भेग पडते. मग बाई पाजायला घाबरते, दूध आणखी साठतं, आणि घर म्हणतं, हिला दूध नाही. दुखणं रीतीतून यायचं आणि दोष बाईच्या अंगाला लागायचा.

शहाडच्या अलीकडचं स्टेशन कल्याण. तिथलंच माहेर असलेल्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. त्यांच्या पदवीनंतर बरोबर १०० वर्षांनी, एक स्टेशन पुढे, माझ्यासारखी शिकलेली बाई चीक पिळून मोरीत टाकत होती. याची खंत मला आजही वाटते.

बदल झाला तो माझ्या डोळ्यांदेखत. २७ नोव्हेंबर १९८९ ला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या दुधाला आम्ही मोरी दाखवत होतो, ते तिथे निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी जपलं जाऊ लागलं. १९९१ मध्ये स्तनपानाचा प्रसार करणारं देशव्यापी जाळं वर्ध्यात उभं राहिलं. १९९२ च्या कायद्यानं पावडरच्या डब्यांची जाहिरात बंद झाली आणि डब्यावरचं ते गुटगुटीत बाळही गेलं.

त्याच सुमारास मी पुन्हा शिकायला बसले. १९९३ मध्ये दावणगेरेच्या बालरोगतज्ज्ञांनी आत ओढलेल्या बोंडांसाठी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती. दहा मिलीची नवी सिरिंज घ्यायची, सुई बसते ते टोक कापायचं, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूनं घालायचा आणि गुळगुळीत तोंड बोंडावर ठेवून बाईनंच हळू ओढायचं. मुरबाड रोडच्या गावांतून येणाऱ्या कित्येक मुलींना मी ती सिरिंज करून दिली. "सिस्टर, बाहेर आलं!" म्हणताना त्यांचा जो चेहरा व्हायचा, त्यासाठी मी पुढची २५ वर्षं नोकरी केली.

तरी काम संपलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या मधल्या काळात देशात दवाखान्यातली बाळंतपणं शंभरात ७९ वरून ८९ वर गेली. पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं मात्र दोन्ही वेळा शंभरात ४२ च. खाट मिळाली, टाके नीट पडले, पण शेजारी बसून बाळाचं तोंड बघणारं माणूस मिळालं नाही. न्हाऊ घालणारी मावशी घरातून गेली आणि तिची जागा रिकामीच राहिली.

मागच्या पावसाळ्यात बिर्ला मंदिराजवळच्या इमारतीतल्या एका मुलीच्या आईनं मला हाक मारली. बाळ साडेआठव्या महिन्यातच जन्मलेलं, ओढायला अशक्त. मुलगी वेदनेनं आणि भीतीनं पांढरी पडलेली. मी आधी तिच्याजवळ बसले. मग घरी येऊन आजीचं बोंडलं घासलं आणि वीस मिनिटं उकळलं. परत जाऊन मुलीला हातानं चीक काढायला शिकवलं. बशीच्या तळाशी पिवळे थेंब जमले, जेमतेम चमचाभर. ते बोंडल्यात ओतले, चोच बाळाच्या ओठाला टेकवली. बाळानं जीभ बाहेर काढली, चाटलं आणि गिळलं. मुलीची आई म्हणाली, "अहो ताई, हा तर चीक आहे!"

"हो," मी म्हटलं, "सगळा पाजायचा."