‘बाहेरचा डीएनए आत शिरला’

पान ८७ : मूळ लेखकाने एका वाक्यात उरकलेली ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. न्यूमोनियाच्या जिवाणूत (स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई) बाहेरचा दुपदरी डीएनए पेशीपटलापाशी आला की तिथले ‘एन्ड-ए’ हे विकर त्याचा एक पदर तुकडे-तुकडे करून टाकते. उरलेला एकेरी पदर ‘कॉम-ई-सी’ या प्रथिनाच्या वाटेने आत ओढला जातो. म्हणजे निम्मा माल जकात नाक्यावरच जप्त! आत ‘डीपीआर-ए’ हे प्रथिन त्याला पेशीतल्या विकरांपासून जपते आणि ‘रेक-ए’ला सोबत आणून गुणसूत्रातल्या जुळत्या जागी बसवायला मदत करते.

गंमत अशी, की १९४४ साली एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी या शास्त्रज्ञांनी याच जिवाणूवरच्या प्रयोगात डीएनए तोडणाऱ्या विकराचाच आधार घेतला होता. विकर घातले की जिवाणूंपासून काढलेल्या द्रावणाची दुसरे जिवाणू बदलण्याची शक्ती संपे. त्यावरून हा बदल घडवणारे द्रव्य डीएनएच, हा त्यांचा दावा बळकट झाला. आणि इकडे तशाच जातीचे विकर जिवाणूला डीएनए घेण्यासाठी लागते : ‘एन्ड-ए’ निकामी केले, तर रूपांतरण, म्हणजे बाहेरच्या डीएनएने जिवाणूचे बदलणे, फारच घटते.

हे वर्णन सरसकट सगळ्या जिवाणूंना लावू नये. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, उदाहरणार्थ, ठरावीक खुणेचा, म्हणजे बहुधा स्वजातीचाच डीएनए पसंत करतो. – संपादक