अक्षरांचे स्थलांतर : कायम पूजा निधीच्या यादीची हकीकत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ट्रस्टच्या इतिहासातील एखादे प्रकरण लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. जीर्णोद्धार, पाठशाळा व वसतिगृह यांविषयी अधिकारी मंडळींनी याच अंकात लिहिले आहे. मजकडे काही वर्षे खजिनदारपद होते. तेव्हा कायम पूजा निधीच्या यादीची हकीकत सांगणे मला प्राप्त आहे. तीत दोष माझाही आहे.

लिखित ठेवा एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचे श्रम आपल्या समाजाला नवीन नाहीत. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची ७२,००० श्लोकप्रमाण ‘धवला’ टीका मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत शतकानुशतके होती. यात्रेकरूंना तिचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. १९ व्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नाने नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला भाग नागरी लिपीत छापला गेला आणि १६ भागांत ग्रंथ पूर्ण झाला. मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची संधी संपादकांना आरंभी नव्हती, नंतर मिळाली. त्यानंतर अनेक पाठ सुधारता आले.

आपली यादी त्या ग्रंथापुढे धूलिकणासमान. परंतु तिच्यावर चारशेहून अधिक कुटुंबांनी विश्वास टाकला आहे. दिवंगत आप्ताच्या तिथीस त्याच्या नावे दरवर्षी अभिषेक-पूजा व्हावी, म्हणून ही रक्कम ट्रस्टकडे कायम ठेवलेली असते. रौप्यमहोत्सवाच्या सुमारास ही यादी संगणकावर घेतली गेली. ‘आता हाताने वही लिहिण्याचे कारण उरले नाही’ ही सूचना बैठकीत मीच मांडली व ती एकमताने संमत झाली. वही माळ्यावर गेली, आणि तिची निम्मी पाने पावसाळ्यात वाळवीने खाल्ली.

त्या काळी मराठी टंकलेखनाची रीत वेगळी होती. संगणकाला एका टंकात जेमतेम २५६ घरे ठाऊक. त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी नागरीचे तुकडे बसवीत : अर्धा ‘ग’ एका घरात, काना दुसऱ्यात, दोन्ही मिळून ‘ग’. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवी. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे समान मानक प्रसिद्ध केले होते, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली; परंतु छपाईच्या धंद्यात कंपन्यांचे टंकच पुढे अनेक वर्षे चालले. ती प्रणाली चालविण्यास संगणकाच्या पाठीमागे एक कुलूपवजा खटका लावावा लागे. आमचा मुद्रक धंदा बंद करून गेला. खटकाही त्याच्याबरोबर गेला.

परिणामी नव्या संगणकावर यादी उघडली, तेव्हा निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या ओळी दिसल्या. अंकांची घरे मात्र तीच असल्याने आकडे शाबूत होते. रक्कम दिसे, इसवी सन दिसे. देणाऱ्याचे नाव व तिथी दिसत नसे. आमच्या पेढीवर सारी भिस्त रकमेवर असते. येथे मात्र रकमेवरून माणूस शोधता येईना. एका कुटुंबाची तिथी त्या वर्षी चुकली. त्या मातोश्री मंदिरात येऊन शांतपणे बसून गेल्या. एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच अधिक जड वाटले.

एका विश्वस्तांच्या अभियंता कन्येने हे काम अंगावर घेतले. तिने पहिलीच मागणी केली, “काका, रौप्यमहोत्सवी स्मरणिका छापील असेल ना? ती द्या.” त्या स्मरणिकेत यादीतील शंभरेक नावे छापलेली होती. छापील नाव व संगणकातील तुकडे शेजारी ठेवून तिने कोष्टक तयार केले आणि पायथन या संगणकभाषेत आज्ञावली लिहिली. लांब तुकडे आधी बदलावयाचे, लहान नंतर. अन्यथा जोडाक्षर मध्येच फुटते.

वडिलांच्या वेळी वाराचा मीटर झाला तेव्हा ०.९१४४ ने गुणले की भागत असे. अक्षरांना असा गुणक नाही. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठविलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चारानुसार व्यंजनानंतर येते. पहिल्या प्रयत्नात वेलांटीने एकच व्यंजन ओलांडले व ‘स्थितिबंध’ या शब्दाची पार मोडतोड झाली. तिने पूर्ण ‘स्थ’ ओलांडावयास हवा होता. रफाराचे उलट. ‘तीर्थंकर’ मधील रफार व अनुस्वार मिळून एकच तुकडा होता. तो फोडून रफार ‘थ’ च्या आधी व अनुस्वार नंतर ठेवावा लागला. ‘कऱ्हाड’ चे ‘कर्हाड’ झाले, कारण आपल्या मराठी ‘ऱ्ह’ चा विचार कोष्टकात राहून गेला होता. ‘ॲड.’ हे वकिलांचे उपपद दोन प्रकारे उतरले. त्यातील ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, त्यापूर्वी ते दोन चिन्हे जोडून लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोध घेताना मात्र एक सापडे व दुसरे हरवे. आपल्या जैन ओंकाराला तर २०१५ पर्यंत स्थानच नव्हते.

आज्ञावली चालण्यास काही क्षण लागले; तपासणीस पाच महिने. वहीच्या उरलेल्या पानांशी आम्ही दोघांनी एकेक नाव ताडले : ती वाची, मी बोट ठेवी. आता यादी युनिकोडमध्ये आहे, तिची कागदी प्रतही दरवर्षी काढून बांधली जाते.

अकरा नावे अद्याप लागलेली नाहीत. त्यांची वर्षे व रकमा कार्यालयातील फलकावर लावल्या आहेत. ज्यांच्या घरी ट्रस्टची जुनी पावती असेल, त्यांनी ती घेऊन कृपया कार्यालयात यावे.