‘सायलेन्सर’ : एक अर्थविस्तार आणि नळीच्या व्यासाचा प्रश्न

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. तेथून साखर-गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याकडे, रस्ता फुटतो. या वाटेने जाणाऱ्या जीपगाड्या व मालमोटारी आज बहुधा टर्बोचार्जर बसविलेल्या डिझेल इंजिनांच्या असतात. त्यांतील जळका वायू बाहेर नेणाऱ्या समग्र नळीस गॅरेजात ‘सायलेन्सर’ म्हणतात. वस्तुतः हा शब्द आवाज दाबणाऱ्या डब्याचा. अंशाचे नाव पूर्णास लागणे भाषेत नित्याचेच आहे. ‘निष्कास’ हा पारिभाषिक शब्द ग्रंथांतच राहिला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु या एका नावाखाली दोन भिन्न धर्मांच्या नळ्या झाकल्या गेल्या, आणि व्यासाविषयीचा गोंधळ पुष्कळसा त्यातून वाढला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निष्कासवायूने टर्बाइन फिरवून इंजिनात दाबाखाली हवा भरण्याचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. व्यवहारात यश मिळण्यास आणखी दोन दशके लागली. ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिश’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनांची शक्ती त्याच्या योजनेने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. १९२५ च्या पेटंटात त्याने सिलिंडरांचे गट पाडून प्रत्येक गटास स्वतंत्र, अरुंद नळी दिली. मोठ्या सामाईक नळीत वायूचा जो झटका विरून जातो, तो अशा नळीत टर्बाइनपर्यंत टिकतो. शिवाय एका सिलिंडरचा झटका दुसऱ्याच्या आड येत नाही. अरुंदपणा हा गुण आहे तो येथे, टर्बाइनच्या अलीकडे. पलीकडे तोच दोष ठरतो, कारण टर्बाइन फिरते ते दोन बाजूंच्या दाबांतील फरकावर.

खडकीस १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. मळ्यात पंप चालविणाऱ्या साध्या इंजिनात टर्बाइनच नसे. तेव्हा एक नळी व एक नाव पुरेसे होते. १९६२ मध्ये अमेरिकन कमिन्स कंपनीच्या भागीदारीत पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. पुढे टर्बोचार्जर रस्त्यावरील वाहनांतही रुळला, पण शब्द जुनाच राहिला, आणि त्यासोबत ‘इंजिनास थोडा अडसर हवाच’ हा पेट्रोल इंजिनांच्या अनुभवातून आलेला समजही.

टर्बाइननंतरच्या नळीचा व्यास केवळ इंजिनाच्या लिटरांवरून ठरविता येत नाही. भरण-दाब वातावरणाच्या दुप्पट झाला, तर तेवढ्याच लिटरांत सुमारे दुप्पट हवा जाते, आणि तापलेला वायू आणखी जागा मागतो. सारख्या लांबीच्या नळीत, तेवढ्याच प्रवाहास, दाबाची हानी स्थूलमानाने व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून २ इंचांऐवजी २॥ इंचांची नळी घेतली की ती एक-तृतीयांशावर येते. त्यापुढे व्यास वाढवून मिळणारा लाभ झपाट्याने घटतो, आणि वजन व आवाज मात्र वाढतात. खात्रीचा मार्ग मापनाचा : पूर्ण भार असताना टर्बाइनच्या मुखाशी दाब मोजावा व निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. हे पंपाच्या वा जनित्राच्या इंजिनास लागू. रस्त्यावरील वाहनाची गोष्ट निराळी. निर्मात्याने नोंदविलेल्या रचनेत मालकास फेरफार करण्याची मुभा १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ सहसा देत नाही.