चालताबोलता ‘मृत’

इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या होमरच्या ‘इलियड’मध्ये माणसाला ‘ब्रोतोस्’ म्हटले आहे. हा आपल्या ‘मृत’ शब्दाचा सख्खा भाऊ. आरंभीच्या ‘म्र’चा ग्रीकांनी ‘ब्र’ केला, इतकेच. देवांच्या ‘अंब्रोतोस्’ या विशेषणात मूळचा ‘म’ टिकला आहे, आणि ते तर आपले ‘अमृत’च! मात्र आपण प्रेताला मृत म्हणतो; ग्रीक कवी लढणाऱ्या, जेवणाऱ्या माणसालाच ब्रोतोस् म्हणतो. जेवणाऱ्या म्हटले ते उगीच नव्हे. पाचव्या सर्गात दिओमीदीसचा भाला अफ्रोदीती देवीच्या हाताला लागतो, तेव्हा रक्ताऐवजी ‘इखोर’ वाहतो. देव भाकरी खात नाहीत, मद्य पीत नाहीत, म्हणून त्यांना रक्त नाही आणि मरणही नाही, असे कवी सांगतो. आई दिओनी हाताने इखोर पुसते, जखम भरते. पुढे अकराव्या सर्गात पारिसचा बाण दिओमीदीसच्या पायात घुसतो. त्याला रथात बसून, कळा सोशीत, गलबतांकडे परतावे लागते.