थोरला दवाखाना आणि त्यानंतर

हुपरीतल्या माणसाचे दुखणे गावातल्या डॉक्टरांच्या आवाक्याबाहेर गेले, की वाट मिरजेकडे नाहीतर कोल्हापूरच्या ‘थोरल्या दवाखान्या’कडे वळते. या दवाखान्याचे आजचे नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर. एकोणिसाव्या शतकात तो अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने उभा राहिला आणि त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने केला. जवळचा टाऊन हॉल मँटचा, कोल्हापूरचा नवा राजवाडा मँटचा, बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याची मूळ कल्पनाही त्याचीच. इतरत्रही हीच रीत दिसते. पुण्याच्या ससून रुग्णालयाचा आराखडा करणाऱ्या हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सने मुंबईचे जुने सचिवालय बांधले. 1926 साली सुरू झालेले केईएम रुग्णालय जॉर्ज विटेटचे, आणि गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. राजवाडा, कमान आणि दवाखाना एकाच हातून उतरत होते, तर आज रुग्णालयासाठी वेगळ्या वास्तुविशारदाचा खर्च कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. मात्र त्याचे उत्तर या जुन्या इमारतींच्याच इतिहासात सापडते.

मँटच्या पिढीला दवाखान्याचे शास्त्र जवळजवळ तयार मिळाले होते. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या बराकीतल्या लष्करी रुग्णालयात जखमांपेक्षा साथीच्या रोगांनीच जास्त सैनिक दगावले. त्यावर तोड म्हणून 1855 साली इझम्बार्ड ब्रुनेल या रेल्वे अभियंत्याने रेंकिओई येथे सुट्या भागांचे लाकडी रुग्णालय उभे केले. तिथे सुमारे तेराशे रुग्णांपैकी पन्नासच्या आसपासच दगावले. तिथले रुग्ण स्कुटारीइतके अत्यवस्थ नव्हते हे खरे, पण हवा, पाणी आणि सांडपाणी यांचा विचार आधी करून बांधलेली इमारत काय साधते, हे त्यातून दिसले. 1859 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलने रुग्णालयांवरच्या पुस्तकात हे अनुभव नियमांच्या रूपात मांडले: लांब, सुटे कक्ष, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या, दर दोन खाटांमागे निदान एक खिडकी. रोग दूषित हवेतून उपजतो ही त्यामागची समजूत पुढे चुकीची ठरली, पण त्या समजुतीतून घडलेली इमारत फसली नाही. 2007 साली पेरूतल्या लिमा शहरातील आठ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या, 1950 पूर्वीच्या कक्षांमध्ये नव्या कक्षांपेक्षा कितीतरी जास्त हवा खेळत असल्याचे आढळले. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगाचा धोकाही तिथे कमी. म्हणजे ब्रिटिश अमदानीतले चांगले दवाखाने निव्वळ शैलीच्या जोरावर चांगले झाले नाहीत. रुग्णाच्या खाटेजवळ मिळवलेले विशेष ज्ञान त्यांच्यामागे होते, आणि ते एका पुस्तकात मावण्याइतके आटोपशीर होते.

पुढे तो आटोपशीरपणा राहिला नाही. 1867 साली लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत जगापुढे ठेवली, 1895 साली राँटगेनला क्ष-किरण सापडले. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारले आणि ते शस्त्रक्रियेसाठी दूरवर नावाजले. क्षयरोग्यांसाठी मात्र वॉनलेसवाडीला वेगळे आरोग्यधाम लागले. रोग बदलला की इमारत बदलते, हे आपल्या मुलखाने तेव्हाच पाहिले. आज तर एकाच छताखाली एकमेकींच्या उलट गरजा नांदतात. शस्त्रक्रियागृहातली हवा बाहेर ढकलली गेली पाहिजे, कारण बाहेरचे जंतू आत नकोत. संसर्गजन्य रुग्णाच्या खोलीतली हवा बाहेर निसटता कामा नये. क्ष-किरण कक्षाच्या भिंतींना किरण अडवावे लागतात, एमआरआयजवळ लोखंड चालत नाही, डायलिसिसला विशेष शुद्ध केलेले पाणी लागते, आणि या साऱ्यांमधून प्राणवायूची नळी जाते. हुपरीच्या चांदीच्या कारागिराला हे पटवून द्यायला नको. आटणी, तार, घुंगरू, जोडकाम, पॉलिश अशा वेगवेगळ्या हातांतून गेल्यावरच पैंजण पुरे होते, आणि पॉलिशवाल्याला कोणी आटणीला बसवत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की नियम आहेतच. ते पाळणारा कोणताही वास्तुविशारद चालेल. देशात राष्ट्रीय इमारत संहिता आहे, सार्वजनिक आरोग्य केंद्रांसाठी 2007 पासून मानके आहेत, राज्यात 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. तरीही 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली आणि त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या आगीत किमान अकरा रुग्ण दगावले. अशा दुर्घटनांत देखभाल, वीजजोडणी, मनुष्यबळ असे अनेक प्रश्न गुंतलेले असतात. सगळे खापर नकाशावर फोडणे अन्यायाचे होईल. पण घर किंवा कचेरी यांचा नकाशा माणूस पळू शकतो असे धरून काढला जातो, आणि अतिदक्षता विभागातला माणूस पळू शकत नाही. त्याला खाटेसकट त्याच मजल्यावरच्या, आगीपासून तोडलेल्या शेजारच्या भागात सरकवावे लागते. त्यासाठी दरवाज्याची रुंदी, खाटेचे वळण आणि भिंतींची विभागणी पायाभरणीपूर्वी ठरावी लागते. नियम किमान मर्यादा आखून देतो; रुग्ण, नातेवाईक, स्वच्छ कपडे आणि जैववैद्यकीय कचरा यांच्या वाटा कुठे एकमेकींना छेदतील, हे तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: आमचे काम आम्हाला ठाऊक आहे, नकाशा आम्हीच सांगू. त्यांचे ज्ञान नसेल तर आराखडा पांगळाच राहील. पण सर्जन शस्त्रक्रियागृह जाणतो आणि परिचारिका रात्रपाळीची पायपीट जाणते. या दोघांच्या मागण्या भिडल्या की तडजोड घडवून ती रेषेत उतरवणे हे तिसऱ्याचेच काम आहे. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लहान गावातले अनेक दवाखाने डॉक्टरांच्या राहत्या घरातून नाहीतर दुकानगाळ्यांतून वाढतात. दहा खाटांसाठी मोठ्या शहरातला तज्ज्ञ परवडायचा कसा? पूर्ण काम त्याच्याकडे देणे दरवेळी गरजेचे नाही. स्थानिक वास्तुविशारदाने काढलेला नकाशा बांधकामापूर्वी तज्ज्ञाकडून तपासून घेतला, तरी पुष्कळ चुका कागदावरच खोडता येतात. कागदावरची भिंत पुसणे स्वस्त, बांधलेली भिंत फोडणे महाग, आणि ती फोडताना दवाखाना बंद ठेवावा लागतो तो खर्च वेगळाच.

तज्ज्ञाची ओळख तो कोणते प्रश्न विचारतो त्यावरून पटते. हुपरीत दवाखाना बांधायचा तर दर्शनी भागाआधी त्याने विचारावे, की इथे आजारी कोण पडते? भट्टीजवळ बसणारे, अ‍ॅसिड हाताळणारे, तासन्‌तास बारीक जोडकामावर डोळे रोखणारे लोक या गावात आहेत. तेव्हा भाजलेल्यांवर तातडीच्या उपचारांची जागा, डोळे धुण्याची सोय आणि फुप्फुसांच्या तपासणीची खोली प्रवेशापासून किती अंतरावर असावी, हे आधी ठरले पाहिजे. मँटच्या काळी दवाखान्याचे शास्त्र राजवाडे बांधणाऱ्यालाही पेलण्याजोगे होते. आज ते स्वतंत्र विद्या झाले आहे. गावच्या वर्गणीतून, देणगीतून किंवा सरकारी निधीतून रुग्णालय बांधू पाहणाऱ्यांनी ही विद्या जाणणाऱ्याला उद्घाटनाच्या नव्हे, जागा निवडण्याच्या दिवशीच बोलवावे.