धाव ते टायर : सेलूच्या वाटेवरील चाकाचा इतिहास

१/ १९४५ साली इंग्लंडमध्ये 'एमजी टीसी' ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार बाजारात आली. तिच्या तारेच्या आऱ्यांच्या चाकाला ४.५०-१९ मापाचा टायर लागे. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. रुंदीत थोडे उणे-अधिक चालून जाते, व्यासात मुळीच नाही. पुढे मोटारींची चाके लहान होत गेली. त्याच घराण्यातील पुढची 'टीडी' १५ इंचांवर उतरली. भारतात मात्र १९ इंची रिम टिकून राहिली, आणि तीही बैलगाडीला. ६.००-१९, ८.००-१९ ही मापे येथे 'एडीव्ही', म्हणजे जनावरांनी ओढायच्या वाहनांच्या टायरांची म्हणून ओळखली जातात.

२/ परभणी जिल्ह्यातील सेलू ही कापसाची जुनी बाजारपेठ. तिच्या वाटेवर कोणते चाक चालावे, हे ठरवले ते दुधना खोऱ्यातील काळ्या मातीने. उन्हाळ्यात ही माती भेगाळून दगडासारखी होते, तर पावसाळ्यात चाकाला लपेटून बसते. त्यामुळे पक्क्या सडका होईपर्यंत मराठवाड्यातील दूरच्या व्यापाराचा बराचसा भार चाकावर नव्हताच. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून नेत.

३/ शेजारच्या कंपनी सरकारच्या मुलखातही स्थिती फार वेगळी नव्हती. तेथील जुन्या गाड्या भरीव चाकांच्या आणि अतिशय जड असत. १८३०च्या दशकात इंदापूरच्या जमीन-मोजणीशी निगडित असलेले गोल्डस्मिड यांच्या पुढाकाराने लेफ्टनंट गेस्फर्ड यांनी सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. 'पारंपरिक' म्हणून आज दाखवली जाणारी आऱ्यांची हलकी गाडी दख्खनच्या कित्येक गावांत समजतो तितकी प्राचीन नाही.

४/ १९००च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सेलूला स्थानक मिळाले. हा मार्ग मीटर गेजचा, तर मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉड गेजचा. एका मार्गाचा डबा दुसऱ्या रुळांवर बसत नसल्याने मनमाडला माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. ही अडचण १९९०च्या दशकातील गेज-बदलापर्यंत राहिली. रेल्वेमुळे बैलगाडी मात्र संपली नाही. उलट गावापासून स्थानकापर्यंत कापूस आणायचा तर गाडीच हवी होती.

५/ ती गाडी उभी असे सुतार आणि लोहार या दोघांच्या कामावर. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले लाकडी पाटे आणि सर्वांभोवती लोखंडी धाव. लाकूड बहुधा बाभळीचे. इंग्रजीतील 'टायर' हा शब्दही आरंभी याच लोखंडी पट्ट्यासाठी होता. रबराकडे तो पुष्कळ नंतर गेला.

६/ धाव बसवणे हे सर्वांत नाजूक काम. चाकाच्या घेरापेक्षा ती किंचित आखूड ठेवत. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करीत. तापून फुगली की चाकावर घालायची, ठोकायची आणि तत्काळ पाणी ओतायचे. गार होताना ती आवळते आणि सगळे सांधे घट्ट धरते. फार आखूड झाली तर आरे वाकतात, सैल राहिली तर भर उन्हात वाटेतच निसटते. आगगाडीच्या इंजिनाच्या चाकावर पोलादी टायर चढवण्याची रीतही हीच. म्हणजे सेलूच्या फलाटावर उभे असलेले इंजिन आणि बाहेर थांबलेली गाडी एकाच युक्तीवर चालत होती.

७/ चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आकसे आणि धाव खडखडू लागे. मग चाके नदीत वा डोहात भिजत टाकायची. या सगळ्या देखभालीचा मोबदला पैशात नव्हे, बहुधा सुगीच्या धान्यात, बलुत्याच्या रूपाने दिला जाई.

८/ हवेच्या टायरचे पहिले पेटंट १८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनी घेतले, पण तो विसरला गेला. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी तो नव्याने घडवला. १९३६ साली डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंज येथे सुरू झाला. उत्तर भारतात अनेक ठिकाणी टायरच्या गाडीचे नावच 'डनलप' पडले. मराठवाड्यात तिला साधे 'टायरची गाडी' म्हणतात.

९/ डांबरी रस्त्यावर टायरला तोड नाही. गाडी हलकी ओढली जाते आणि सडकही फुटत नाही. शेतात मात्र बाभळीचा काटा असतो, आणि पंक्चर काढायला सुतार उपयोगाचा नाही. उंच, अरुंद लोखंडी चाक चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचते, हाही त्याचा गुण होता. तरीही निर्णय लागला तो सडकेच्या बाजूने. धान्याच्या बलुत्याऐवजी रोख पैसा आला, आणि सुतार-लोहारांचे एक मोठे काम गेले.

१०/ श्रेय सगळे टायरला मिळते, हे थोडे अन्यायाचे आहे. १९६५च्या केंद्रीय नियमांत ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी भाराची मर्यादा चाकावरून ठरवली आहे. दोन चाकी गाडीत एका मध्यम बैलामागे साध्या चाकावर ७०० किलो, हवेच्या टायरवर १,०५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १,४०० किलो. आसातील घर्षण किती मोठे होते, ते या आकड्यांवरून कळते.

११/ चाक बदलले. बैल आणि जू तेच राहिले. उतारावर रबरी चाकाची भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येऊ लागते, कारण घर्षण कमी आणि ब्रेक बहुधा नाही. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी अनेक जोडपी कारखान्याने दिलेल्या टायरच्या गाडीवर ऊस वाहतात. नियम भार मोजायला सांगतो, पण फडापासूनच्या वाटेवर काटा नसतो. तो असतो कारखान्याच्या दारात, आणि तेथे मजुरी टनावर मिळते.